डोमाजींचे मऊ बूट

दवाखान्यातल्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साचतच जातात! एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी भंडाऱ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. शुगरच्या पेशंटांसाठी डॉक्टर नागपूरहून मऊ तळाचे बूट बनवून आणायचे. ते कसे घालायचे हे समजावणं माझं काम. समजावून झालं की मलाच काही समजेनासं व्हायचं!

*

कोंढ्याच्या एका गुरुजींना सांगितलं, "पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास घाला." गुरुजी शिस्तीचे. भर बाजारात घड्याळ पाहून त्यांनी बूट काढले, काखेत मारले आणि तापल्या रस्त्यानं अनवाणी घरी गेले.

"वेळ झाली होती ना!"

*

सिहोऱ्याचे डोमाजी धानाचे शेतकरी. त्यांच्या पायाचं एक बोट आधीच कापलेलं, तळव्याला काही जाणवत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता एक जखम चिघळली तर पाऊल जाईल." मला हा माणूस फार आवडायचा, म्हणून धास्तीही त्याचीच जास्त.

महिन्यानं आले तर बूट पार वाकडे!

"नवा जोडा चावते. म्हून साळ्याले घालाले देल्ला होता."

"अहो, ते तुमच्या मापाचे होते!"

"मंग आता त्याच्या मापाचे झाले का?"

नवे मागवले.

*

डॉक्टर म्हणाले, "घरातही अनवाणी नको." डोमाजींची बायको गयाबाई माझ्यावरच भडकली.

"घरात जोडे? चुलीपाशी? काहीबी सांगता का भाऊ!"

शेवटी तोड निघाली, बूट ती रोज धुणार. पण ओले बूट घालायचे नाहीत, हेही मीच सांगितलेलं!

"मग वाळेपर्यंत काय करता?" मी डोमाजींना विचारलं.

"बिनजोड्याचा फिरतो. तुमचंच तं आयकून राहिलो!"

धुणं बंद करवलं आणि डोकं धरून बसलो.

*

एकदा दोघं तपासणीला आले. गयाबाईची नाकातली सोन्याची चमकी चार दिवसांपासून हरवलेली. सगळं घर झाडून झालं, सुनेशी अबोलाही धरून झाला.

घालण्याआधी बुटात हात फिरवून पाहा, असं मी डोमाजींना शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांचा बूट उतरवून मीच हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. चमकी! दांडी वर करून तळात रुतून बसलेली.

"भेटली, भेटली!" गयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर डोमाजींचा तळवा उजेडाकडे वळवून पाहत होते.

डोमाजी मात्र खुशीत.

"काय बूट बनवला साहेब! चार दिवस चमकीवर चाललो, पन पायाले पत्ताच नाही!"