सहा आठवडे उचलायचं नाही

त्या सकाळी मुक्ता माझ्या हातून निसटली. पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवताना माझ्या उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की बोटांतली ताकदच संपली. पलंगाच्या कडेला घासत ती खाली गेली, म्हणून डोक्याला लागलं नाही. कोपर तेवढं खरचटलं. पण जमिनीवर बसल्या बसल्या ती मलाच म्हणाली, "आई, तुला लागलं?" त्या प्रश्नाने मी जितकी रडले तितकी कित्येक वर्षांत रडले नव्हते.

मुक्ता आमची एकुलती एक मुलगी, आज सव्वीस वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिचे पाय कधी चाललेच नाहीत. बोलते सावकाश, अर्धं मराठी आणि अर्धं बंगाली. माझाही जन्म कोलकात्याचाच. घर शहराच्या बेहाला भागात, मुख्य रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत. लग्नानंतर मी इथल्याच एका शाळेत शिकवत होते. मुक्ता झाल्यावर ती नोकरी सोडली. तेव्हापासून पलंग, खुर्ची, न्हाणीघर, पुन्हा पलंग असं दिवसातून दहा-बारा वेळा मी तिला उचलत आले. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांना वजन उचलायची सक्त मनाई. दोन बायका मदतीला ठेवून पाहिल्या होत्या. दोघींनाही मी चार दिवसांत काढून टाकलं. माझ्या मुलीला माझ्यासारखं कोणी उचलणार नाही, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

माझ्या माहेरी दत्तमहाराजांची उपासना. गुरुवारचा उपास मी लहानपणापासून धरते. पण खांदा धरला त्या दोन वर्षांत माझी पूजा हळूहळू कोरडी पडत गेली. देवाकडे मी कधी मुलीचे पाय मागितले नव्हते. "मला फक्त बळ दे, बाकी मी बघते," एवढंच मागणं. तेच तो काढून घेत होता. गोळ्या झाल्या, शेक झाला, दोनदा स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं. प्रत्येक वेळी महिना-दीड महिना बरं वाटायचं आणि दुखणं पुन्हा हजर. मुक्ता पडली त्या दिवशी मी देवघरासमोर उभी राहिले आणि हात जोडलेच नाहीत. "तुला एवढंही जमत नसेल तर राहू दे," असं म्हणून आत निघून गेले.

ह्यांच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने शहराच्या मध्यभागी, एस्प्लनेडजवळ असलेल्या एका डॉक्टरीण बाईंचं नाव सुचवलं. आपल्याच रक्तातला काही भाग वेगळा काढून दुखऱ्या जागी टोचतात, असं तो म्हणाला. मला ते खुळचटच वाटलं. तरी गेले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. ह्यांना मुक्ताजवळ ठेवून एकटीच बसने गेले. दिवस गुरुवारचा होता, पण उपासही मी केवळ सवयीने धरला होता.

डॉक्टरांचं वागणं मला पहिल्या पाच मिनिटांतच आवडलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता?" मी मुक्ताला कशी उचलते ते त्यांनी मला उभं राहून करून दाखवायला लावलं. मग खांद्यावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून पडद्यावर स्नायूबंध दाखवला. जुन्या साडीचा काठ विरावा तसा तो एका जागी विरला होता, पूर्ण तुटला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमच्याच रक्तात जखम भरून काढणाऱ्या पेशी असतात. त्या गोळा करून नेमक्या या जागी सोडायच्या, एवढंच आम्ही करतो. काहींना चांगला गुण येतो, काहींना थोडा, काहींना नाही. मी वचन देणार नाही. पण एक अट आहे. सहा आठवडे मुलीला उचलायचं नाही. एकदासुद्धा नाही."

मी हसले. मग त्या गंमत करत नाहीत हे लक्षात आलं आणि उठलेच. विचार करून कळवते, असं सांगून बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मनात ठरवून टाकलं होतं की हे आपल्यासाठी नाही. सहा आठवडे! माझी मुलगी सहा आठवडे पलंगावर पडून राहणार का?

शेजारी एक बाई बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. माझ्याकडे बघून बंगालीत म्हणाल्या, "सुई टोचायची भीती वाटते का? मी गुडघ्यात दोनदा घेतली आहे. आता जिना चढते." मी कशी कोण जाणे, त्या अनोळखी बाईपाशी सगळं बोलून गेले. मुक्ताचं पडणंसुद्धा, जे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "राहता कुठे?" बेहाल्यात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मी पण." त्यांची गल्ली आमच्यापासून दोन बस थांबे पुढे. त्यांचं नाव शेफाली. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एका इस्पितळाच्या वॉर्डात आया म्हणून रुग्ण उचलण्याचं, फिरवण्याचं, आंघोळ घालण्याचं काम केलं होतं. आता घरी बसून होत्या आणि बसून कंटाळल्या होत्या.

"माझा नंबर खरं तर उद्याचा आहे," त्या म्हणाल्या. "सुनेने कागद चुकीचा वाचला आणि मला आज पाठवलं. आत्ता परत निघालेच होते, म्हटलं जरा पंख्याखाली बसावं." आणि लगेच, जणू भाजी आणायला जायचं असावं तशा आवाजात, "तुम्ही सुई घेऊन टाका. सहा आठवडे मी येते."

मी उठले आणि पुन्हा आत गेले. डॉक्टरांनी त्याच दुपारी माझ्या डाव्या हातातून रक्त काढलं. ती नळी यंत्रात घरघर फिरली आणि बाहेर आली तेव्हा लाल खाली बसलं होतं, वर पातळ तुपाच्या रंगाचं पाणी. तेच त्यांनी पडद्याकडे बघत माझ्या खांद्यात सोडलं. दुखलं, खूप दुखलं. पण त्या दुखण्यातही मनात एक विचार येऊन गेला. मी वर्षानुवर्षं देवाकडे वरून बळ मागत होते. त्याने ते माझ्याच हातातून काढून माझ्याच खांद्यात ठेवायला लावलं. परतताना आम्ही दोघी एकाच बसने आलो. मेट्रोच्या खांबांखालून बस रखडत होती आणि शेफालीदी मला मुक्ताला काय आवडतं ते विचारत होत्या.

पहिले चार दिवस खांदा आधीपेक्षाही जास्त ठणकला. नेहमीच्या गोळ्या बंद होत्या. डॉक्टरांनी दिलेली साधी गोळीच तेवढी घ्यायची. मनात पुन्हा शंका आली, राग आला. पण त्याहून अवघड होतं ते स्वतःच्या मुलीला दुसरं कोणी उचलताना बघणं. पहिल्याच सकाळी मी दारात उभी राहून सूचना देऊ लागले तेव्हा शेफालीदी म्हणाल्या, "दिदी, तुम्ही त्या खुर्चीत बसा. आणि गप्प बसा."

मग मी जे पाहिलं ते मला आजही आठवतं. त्यांनी मुक्ताला लगेच हात लावला नाही. आधी तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा उजवा हात चांगला आहे ना? मग माझ्या खांद्यावर ठेव. आणि आकडे तू म्हण." मुक्ताने "ऍक, दुई, तीन" म्हटलं. तीन म्हणताच शेफालीदींनी गुडघे वाकवून, तिला अगदी छातीशी घेऊन, एका वळणात खुर्चीत बसवलं. धाप लागली नाही, आवाज नाही. "हातांनी नाही उचलायचं, पायांनी उचलायचं," त्या मला म्हणाल्या. "आणि तिला पण काम द्यायचं. ती काही तांदळाचं पोतं नाही." सव्वीस वर्षांत मी मुक्ताला कधी आकडे म्हणायला सांगितलं नव्हतं. मी यायचे, दात-ओठ आवळून उचलायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी नुसतीच तिच्या पलंगाजवळ बसले होते. करायला काहीच नव्हतं. मुक्ता तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आई, आता तू तोंड असं नाही करत." तिने माझ्या चेहऱ्याची नक्कल करून दाखवली, डोळे घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला. "मला वाटायचं, मीच तुला दुखते."

मीच तुला दुखते. माझ्या दुखण्याचं कारण ती दोन वर्षं स्वतःलाच समजत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "नाही गं राजा. खांदा दुखायचा. तू कधीच नाही." ती मग हसली. त्या संध्याकाळी मी देवघरासमोर बसले तेव्हा हात आपोआप जोडले गेले. काही मागावंसं वाटलं नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं आणि रोजचा व्यायाम शिकवला. बदल एका रात्रीत झाला नाही. आधी कुशीवर झोपता आलं, मग केस विंचरता आले, आणि चार महिन्यांनी गच्चीतल्या तारेवर मी चादर वाळत घातली, तेव्हा कळलं की हात डोक्याच्या वर गेला आहे. अजूनही थंडीत खांदा कुरकुरतो. डॉक्टरांना फोन करून आभार मानले तर त्या म्हणाल्या, "अर्धं काम त्या सहा आठवड्यांनी केलं." हे श्रेय स्वतःकडे न घेणं मला फार मोठं वाटलं.

चार महिन्यांनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी मुक्ताला उचलायची परवानगीही दिली, नीट पद्धतीने. घरी येऊन मी ते सांगितलं तेव्हा शेफालीदींनी आपली कापडी पिशवी उचलली. त्यांचं ठरलेलं काम केव्हाच संपलं होतं, तरी त्या येत राहिल्या होत्या. चपला घालताना त्या म्हणाल्या, "आता तुमचं तुम्हाला जमेल, दिदी." खरं होतं, जमलं असतं. पूर्वीची मी असते तर त्यांना साडी-ओटी देऊन निरोप दिला असता. पण मी दारात त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "जमेल. तरी तुम्ही या. मला एकटीने नाही करायचं." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांनी चपला पुन्हा काढल्या आणि म्हणाल्या, "मग चहा टाका."

कोणी विचारलं की त्या गुरुवारी काय झालं, तर मी एवढंच सांगते की एका सुनेने कागद चुकीचा वाचला. त्यापलीकडचं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचीही इच्छा नाही. दत्तमहाराजांकडे आता मी बळ मागत नाही. बळ संपलं तेव्हा त्यांनी मला बाकावर नेऊन बसवलं आणि शेजारी माणूस बसवलं. त्यांना मी रोज इतकंच सांगते: महाराज, माझ्या हातून जे निसटलं ते तुम्ही सावरलंत. आणि सगळ्यात आधी मला.