कचिनाची आंघोळ

दुष्काळाच्या वर्षी पाथर्डीत आमच्या पुढच्या खोलीत एक अमेरिकन मुलगी भाड्याने राहत होती. लहान मुलांना सुकडी वाटायच्या केंद्रावर ती काम करायची. जाताना तिनं माझ्या लेकीला एक लाकडी बाहुली दिली. हातभर उंच, हलते हात, अंगावर खरं कापड आणि तोंडावर चोचीचा मुखवटा. तिच्या देशातल्या झुनी नावाच्या आदिवासी लोकांची ही कचिना. त्यांचे पाऊस आणणारे देव मुखवटे लावून नाचतात, ते मुलांना ओळखू यावेत म्हणून अशा बाहुल्या देतात, असं ती म्हणाली. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं आणि पायावर धोंडा पाडून घेतला.

"देव हाय का भावली, येवढंच सांग," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पुजायचा देव नाही आणि निव्वळ खेळणंही नाही, भिंतीला टांगून ठेवतात. असलं अधलंमधलं त्यांना चालेना. पाऊस आणतो म्हणजे देवच. सकाळी कचिना देव्हाऱ्यात उभी, मुखवट्यावर कुंकू. लेक भोकाड पसरून बसलेली.

मग पाऊस पडावा म्हणून गल्लीतल्या बाया तिला पाणी घालायला येऊ लागल्या. कुणी पेला घेऊन यायची, कुणी माझ्याच हंड्यात तांब्या बुडवायची. शाळेत शिकवून आल्यावर मी टँकरपुढे रांगेत ताटकळायचे आणि ते पाणी देवाच्या डोक्यावरून मोरीत जायचं. वर सगळ्यांना चहा. नवऱ्याला सांगितलं, तर तुमच्या दोघींच्यात मला घेऊ नका म्हणाले.

हळूहळू रंग सुटला, निळे ओघळ देव्हाऱ्यात उतरले, कापडाला वास यायला लागला. माझं डोकंच फिरलं. कचिना उचलली, उन्हात वाळवली, आणि दाराच्या वर खिळा ठोकून टांगली.

"आत्याबाई, आता हिला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बायाही यायच्या थांबल्या. मला वाटलं, सुटले.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून येते, तर खिळा मोकळा. कचिना लेकीच्या मांडीवर, आणि सासूबाई बाहुलीला नवं झबलं शिवत बसलेल्या.

"देवाला खिळ्याला लटकवायचं न्हाई," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्यापरीस पोरीनं खेळावं."

एवढंच करायचं होतं, तर माझं पाणी कशाला घालवलं? मी चहासुद्धा न घेता ओट्यावर जाऊन बसले. आत सासूबाई बाहुलीचे हात हलवून दाखवत होत्या आणि लेक खिदळत होती.