पाऊण भरलेला घड

केळीच्या बागेतला उजेड पोपटी असतो. जुन्या मलमलीतून गाळून आल्यासारखा तो अलगद मातीवर उतरतो आणि ओल्या खोडांचा तुरट वास त्यात भिजून राहतो. लातूरला संसार थाटून मला वीस वर्षे झाली, तरी अर्धापूरजवळच्या माहेरच्या बागेत पाऊल टाकले की आधी श्वास बदलतो, मग चाल.

गेल्या श्रावणात वहिनीचा, माझ्या भावाच्या बायकोचा, फोन आला. "ताई, शेजारच्या देशांतले पाव्हणे येऊन राहिलेत. नेपाळ, भूतान, बांगलादेश. आपला माल पसंत पडला तर थेट तिकडं जाईल. तुमी या, बोलायला शिकलेलं मानूस पायजे."

गावातल्या अकरा जणींना सोबत घेऊन तिने पॅकिंगची शेड उभारली होती. तोवर त्यांची केळी दुसऱ्यांच्या खोक्यांतून, दुसऱ्यांच्या नावाने परमुलखात जात. स्वतःच्या नावाचा पहिला ट्रक मिळणार की नाही, हे त्या दिवशी ठरणार होते.

एसटीच्या खिडकीशी बसून मी स्वागताची वाक्ये घडवत आले. शेडमध्ये केळी धुवायच्या तुरटीच्या पाण्याचा गारवा होता. मांडून ठेवलेले घड पाहून मीही हरखले. गोल, तुकतुकीत, प्रत्येक फळाच्या कडा पार बुजलेल्या.

पाहुण्यांत भूतान-बांगलादेशचे अधिकारी होते, आणि काठमांडूची एक फळांची व्यापारी. पन्नाशीची, ठेंगणी, तीक्ष्ण नजरेची. माझे स्वागत अर्ध्यावर असतानाच ती उठली, घडावरून अंगठा फिरवला आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, ये तो रास्ते में ही पक जाएगा. मैं काठमांडू में क्या बेचूँगी, हलवा?"

दूरच्या वाटेसाठी पाऊण भरलेला, कडा बोटाला लागतील असा घड कापायचा, हे वहिनीला पुरते ठाऊक होते. पण पाहुण्यांपुढे कच्चे ठेवायचे? बायकांचे मन धजले नाही. सकाळभर बाग धुंडाळून त्यांनी सर्वांत भरलेले घड तेवढे निवडून आणले होते. आदरातिथ्यानेच व्यवहाराचा घात केला होता.

मी दिलगिरीचे शब्द जुळवू लागले. वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुमी ऱ्हाऊ द्या, ताई." मग त्या बाईंकडे वळून आपल्या दखनी हिंदीत म्हणाली, "दीदी, ये तुम्हारे खाने का है. बेचने का अंदर झाडां पे लटका है. चलो."

तिने पदर खोचला, विळा घेतला. चिखल तुडवत आम्ही सारे तिच्या मागे.

"बॉर्डर पे गाडी कितने दिन खड़ी करते?"

"कागज़ ठीक हों तो दो दिन. नहीं तो चार."

वहिनीने एक घड सोडला, दुसरा सोडला. तिसऱ्यापाशी थांबून एक केळे तोडले, मधोमध चिरले. आत शुभ्र गर, मध्यावर जेमतेम पिवळसर छटा. "ये चार दिन रुका तो भी कुछ नै होता."

"पर हमारे यहाँ ठंड है, पकने में देर लगती है."

"अच्छा? तो फिर ये जरा ज्यादा भरा वाला देखो."

आता दोघींचे अंगठे एकाच फळाच्या कडांवरून फिरत होते. एक मान हलवी, दुसरी पुढच्या झाडाकडे जाई. भूतान-बांगलादेशचे अधिकारी वह्या उघडून मागून चालत होते. देशादेशांतल्या सहकार्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षे वाचत आले. त्या दिवशी ते सहकार्य माझ्या माहेरच्या पाटाच्या काठाने चालत होते आणि पुढे माझी वहिनी होती. बोलायला म्हणून आलेली मी केवळ पाहत राहिले. इतक्या अभिमानाने मी कधी गप्प बसले नव्हते.

एका ट्रकचे ठरले, नमुन्यादाखल. खोक्यांवर बायकांच्या गटाचे नाव छापले गेले. तो ट्रक काठमांडूला पोहोचला, त्या दिवशी मी पुन्हा शेडमध्ये आले होते. मोबाईलच्या पडद्यावर त्या बाईंनी खोके उघडले. केळ्यांची हिरवीगार, ताठ फणी. नखाने देठ खुडताच पांढरा चीक टपकला.

"देखो, अभी दूध दे रहा है!"

बायकांनी एकच गलका केला. वहिनी मात्र फोनकडे झुकली. "फिर दूसरी गाडी कब भरूँ?"

"अरे, पहले ये तो बेचने दो! दशैं से पहले भेजना."

फोन बंद झाल्यावर एकीने विचारले, "दशैं म्हंजी काय वो?"

"त्यायचा दसरा," वहिनी म्हणाली. "लई मोठा सण अस्तो. उठा, कोनते घड तवर भरतेत ते बघून येऊ."