दीड वाजताचा भोंगा

इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. इतिहास शिकवते ना — "पुरावा कुठाय?" हे माझं वर्गातलं पालुपद. आता हसायची पाळी तुमची...

आमचं घर कोलकात्यात, बागबाजारला. शाळा मात्र तासाभरावर, गंगेकाठच्या ज्यूट मिलच्या गावात. तिथल्याच मिलमध्ये बाबा इंजिनियर होते; माझं लहानपण मिलच्या क्वार्टर्समध्ये गेलं. दीडचा भोंगा झाला की बाबा जेवायला घरी यायचे. त्याआधी कितीही भूक लागली तरी मी ताटाला हात लावायचे नाही.

पुढे मिल बंद पडली. गेल्या काही वर्षांत बाबांची स्मृतीही गेली. भोंगा तेवढा राहिला. ताट समोर आलं की विचारायचे, "भोंगा कुठे झालाय अजून?" आणि तोंड घट्ट मिटून घ्यायचे. मी मोबाइलवर भोंगा वाजवून पाहिला. "हा आपल्या मिलचा नाही," म्हणाले! इंजिनियरला फसवणं सोपं नसतं. शेवटी तर दिवसाला दोन घासही जाईनात.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना गावाचा इतिहास शिकवताना ठरवलं — बंद मिलच्या फाटकावरच तास घ्यायचा. बाबांनी ऐकलं.

"वसू, मलाही ने ना गं."

"बाबा, पस्तीस मुलं सांभाळू की तुम्हाला?"

असं बोलले मी. जीभ झडली कशी नाही...

फाटकावर दरवान माहिती सांगत होता, एक मुलगी मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. आणि भोंगा झाला. लांबलचक, शेवटी जरासा घोगरा होणारा... तोच! मुलांनी कान झाकले. मी घड्याळ पाहिलं — दीड. दरवान पांढराफटक पडला होता.

"मैडमजी, बॉयलर तो कब का कबाड़ में गया... भोंपू बजेगा कहाँ से?"

तीनच्या सुमारास घरून फोन आला. बाबांना सांभाळणारी मिनतीदी रडत होती. दीडला बाबा ताडकन उठून बसले म्हणे — "झाला भोंगा!" तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग स्वतःच्या हातानं जेवले. "पेट भोरे खेलेन, दीदी," पोटभर जेवले, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

ते रेकॉर्डिंग मी कितीदा ऐकलंय. दरवान बोलता बोलता थांबतो, मुलं ओरडतात... भोंगा नाही. आसपास दुसरा कारखाना असेल, म्हणून चौकशी केली. तसंही काही नाही. पुरावा मागणाऱ्या बाईकडे आज ना पुरावा आहे, ना उत्तर.

त्यांना एकदा नेलं असतं, तर काय बिघडलं असतं?

त्या दुपारी बाबांनी मिनतीदीला दोन ताटं वाढायला लावली होती. "वसू भुकेली असेल, माझ्यासाठी थांबते ती." मी पोचले तेव्हा दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं. पण अग्नी दिल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. बाबांनी वाढायला लावलेल्या त्या ताटाला मला हात लावता आला नाही.