तिरडीवरचे तात्या

माझे वडील आजवर एकदाच मेले. सकाळी मेले आणि दुपारी जेवायला उठले.

त्याआधीची आमची परिस्थिती सांगते, म्हणजे माणूस मरायला तयार का होतो ते कळेल. कोळवणच्या अलीकडे आमची वाडी. घर दोन खोल्यांचं. एकीत आम्ही, दुसरीत भाताची पोती आणि कोंबड्या, आणि मी पुस्तक घेऊन मधल्या उंबऱ्यावर. दहावीचा अभ्यास मी आईच्या पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून केला. गणित ऐन रंगात आलं की आई म्हणायची, "ऊठ, पातळ काढायचंय." (माझी प्रमेयं अर्धवट का राहिली, हे बोर्डाला शेवटपर्यंत कळलं नाही.) घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. तात्या सातवीपर्यंत. आई तर रोज शाळेत जायची, पण खिचडी शिजवायला.

तात्या पुण्याच्या एका साहेबांच्या फार्महाऊसची राखण करायचे. माझा दहावीचा निकाल लागला त्या महिन्यात तिथं सिनेमावाले आले. सिनेमाचं नाव सांगत नाही. ज्यांनी तो पाहिला, ते विसरायच्या प्रयत्नात आहेत. त्यांना कशाला त्रास!

पहिल्याच दिवशी नायकाचे वडील मरणार होते, आणि मरणारा नटच आला नाही. मग त्यांच्या आचाऱ्याला तिरडीवर झोपवून बघितलं, तर नायक आणि त्याच्या तिघा मित्रांना मिळून तो उचलेना. दिग्दर्शकाची नजर तात्यांवर गेली. तात्यांचं वजन तेव्हा भरल्या पोत्यापेक्षा कमीच होतं.

"मरायचं कसं, तेवढं सांगा," तात्या म्हणाले.

"काही करायचं नाही, मामा. नुसतं पडून राहायचं."

आता हे काम जगात कुणालाही जमलं असतं, तात्या सोडून. आमच्या तात्यांना रिकामं बसता येत नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत त्यांच्या दाराची बिजागरी ठोकून देतात.

आईला हे बिलकूल पसंत नव्हतं. "जित्या मानसानं तिरडीवर निजू न्हाई," ती म्हणाली.

"अगं, सवय व्हईल," तात्या म्हणाले आणि झोपले.

आईनं त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दुपारपर्यंत तिथंच उभी राहून त्यांचं पोट वरखाली होतंय ना, यावर लक्ष ठेवलं. दिग्दर्शक ओरडत होता, पोट हलवू नका. आई पदराआडून खुणावत होती, हलवा. तात्यांनी दोघांचंही मन राखलं.

शूटिंग आठवडाभर चाललं आणि एका सकाळी सगळी मंडळी निघून गेली. ज्याच्याकडे हिशेब होता तो गृहस्थ आदल्या दिवशीच पुण्याला पोचला होता. तात्या रिकाम्या हातानं येणाऱ्यातले नव्हेत. नायकाच्या अभ्यासाचं टेबल ते लोक तिथंच टाकून चालले होते, ते तात्यांनी डोक्यावर घेतलं. समोरून बघितलं तर सागवान, मागून बघितलं तर खोक्याच्या फळ्या. पाय तीनच. चौथा मोडला नव्हता, तो केलेलाच नव्हता, कारण कॅमेऱ्यात दिसणार नव्हता!

तात्यांनी चौथ्या कोपऱ्याखाली विटा रचल्या. "घे," म्हणाले, "आता पेटी आईची आन टेबल तुजं."

त्या टेबलावर मी बारावी झाले आणि पुण्याच्या कॉलेजात बी. कॉम.ला गेले.

तात्यांना मात्र एकच ध्यास लागून राहिला. सिनेमा आमच्याकडे कुठं लागलाच नाही, आणि लागला तिथून दुसऱ्या दिवशी काढला. दर सुट्टीला मी घरी गेले की पायातली चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, "आपला सिनेमा कुटं बगायला मिळंल का गं?"

तो मिळाला होता. मला. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पौड रस्त्यावर यष्टीत मागच्या सीटवर बसून मी तो मोबाइलवर पाहिला, आणि शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून ओढणीत तोंड आणि मोबाइल दोन्ही घातलं. इतका वाईट सिनेमा मी जन्मात पाहिला नव्हता. त्यात आमचे तात्या. मग मी तात्यांना सांगितलं, की सिनेमा आता कुठंच मिळत नाही. ते म्हणाले, "जाऊ दे. मिळाला तर सांग." आणि पुढच्या सुट्टीला परत तेच विचारलं.

आता गंमत बघा. कॉलेजात आमचं एक टुकार मंडळ होतं. केतकी नावाची माझी मैत्रीण त्याची अध्यक्ष. दर शुक्रवारी तास संपले की रिकाम्या वर्गात प्रोजेक्टरवर एक निवडक वाईट सिनेमा लावायचा, आणि प्रत्येक चुकीला बाक बडवायचा, एवढंच मंडळाचं कार्य. चांगला सिनेमा माणसाला गप्प करतो. पुण्याच्या पोरी तो बघून झाल्यावर जे बोलायच्या, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. वाईट सिनेमाचं तसं नाही. तो सगळ्यांना सारखाच कळतो. इंग्रजी शाळेतली केतकी आणि कोळवणची मी एकाच वेळी बाक बडवायचो. किंबहुना मीच आधी, कारण नायक औत उलटं धरतोय हे तिला कुठून कळणार? तिसऱ्या वर्षापर्यंत मी मंडळातली सगळ्यात तिखट जीभ म्हणून नाव कमावलं होतं.

अशाच एका शुक्रवारी केतकी म्हणाली, "आजचा म्हणजे खजिना आहे," आणि पडद्यावर कोळवणचे डोंगर आले.

मी बाकावरचा हात काढून घेतला.

नायक चाळिशीचा, पण कॉलेजात शिकणारा. लख्ख ऊन पडलेलं, आणि पाऊस फक्त नायकाच्या डोक्यावर. (पाइप आमच्या शेजारच्या बबनकाकांनी धरला होता.) मग तिरडी. तिरडीवर तात्या. एका पायावर मुंगी चढली, तेव्हा दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं मयतानं ती शांतपणे पुसून टाकली. वर्गात बाकांचा असा गडगडाट झाला की शिपाई डोकावून गेला.

"शीतल, हे तुमच्या मुळशीतलं आहे ना?" केतकीनं हसता हसता विचारलं. "ओळखतेस का या मयताला?"

मी म्हणाले, "नाही गं. मुळशी मोठी आहे."

आणि कुणाला संशय नको म्हणून मी सगळ्यांपेक्षा जोरात बाक बडवला.

आता त्याच दिवशी माझ्या फी-सवलतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती, आणि उत्पन्नाचा दाखला आणायला तात्या सकाळीच पौडला तहसील कचेरीत गेले होते. दाखला मिळाला, की मी पुणे स्टँडवर जाऊन घेणार, असं ठरलं होतं. पण मंडळात फोन बंद ठेवायचा नियम. तात्यांनी बहुतेक दहा वेळा लावला असेल. शेवटी विचारत विचारत ते कॉलेजात आले, आणि शिपायानं त्यांना बाक वाजत होते त्या वर्गाचं दार दाखवलं.

पडद्यावर तेव्हा नायकाचं लग्न चाललं होतं. वऱ्हाड जेवत होतं, आणि पंगतीत आमटीची बादली घेऊन नायकाचा मेलेला बाप वाढत होता!

त्याचं असं झालं होतं, की लग्नाच्या शूटिंगला तात्या नुसते बघायला उभे होते. पण खरी पंगत बसली, खरी पानं मांडली, आणि वाढायला माणूस दिसेना. आमच्याकडे पंगत बसल्यावर धडधाकट माणसानं उभं राहायचं म्हणजे नाचक्की. तात्यांच्या हाताला बादली लागली. कॅमेरा चालू आहे हे त्यांना कळलं नाही, आणि हाच तो मेलेला हे दिग्दर्शकाला कळलं नाही.

"मयत वाढतंय!" केतकी किंचाळली. वर्ग बाकांवर चढला. आणि तेवढ्यात दार उघडून, तोच सदरा, तीच टोपी, एका हातात इंद्रायणी तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात दाखला घेऊन मयत आत आलं.

मी इतकी शांतता कुठल्याही चांगल्या सिनेमाला पाहिली नाही. एक मुलगी बाकावरून खाली आली ती थेट बाकाखाली गेली.

तात्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर तात्या आमटी वाढत राहिले. मग त्यांनी मला शोधून काढलं.

"शितले," ते म्हणाले, "तू तर म्हनलीस, सिनेमा मिळत न्हाई."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. केतकीनं फक्त भुवया वर केल्या. मला वाटलं, आता त्या तिरडीवर माझी जागा आहे.

"माझे वडील," मी म्हणाले. "तात्या." मग जागा दाखवत म्हणाले, "बसा."

ते बसले. पहिल्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. केतकीनं घाईघाईनं सिनेमा बंद करायला हात पुढं केला, तर म्हणाले, "र्‍हाऊ दे, पोरी. पयल्यापासनं लाव."

पहिल्यापासून लावला. कुणी बाकाला हात लावायला धजेना. बबनकाकांचा पाऊस आला, वर्ग गप्प. तिरडी आली, वर्ग गप्प. मुंगी चढली, अंगठा हलला, आणि पहिल्या बाकावर धाडकन हात पडला. तात्यांचा!

"अंगठा बगा, अंगठा! येवडं सांगितलं हुतं हलू नको!"

त्यानंतर वर्ग माझा राहिला नाही, तात्यांचा झाला. तिरडीचा हार झेंडूचा होता तो मध्येच शेवंतीचा कसा झाला (पहिला शेळीनं खाल्ला), नायक रडताना सारखा डावीकडं का बघतो (तिथं वडापाव आला होता), सगळं त्यांनी सांगितलं. सिनेमा संपला तेव्हा पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली होती. तात्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"लई वंगाळ हाय," ते म्हणाले. "परत लावा."

तेव्हा कुठं दाखला आठवला, आणि अर्ज द्यायला आम्ही दोघं धावतच कॉलेजच्या कचेरीकडे निघालो. जिन्यात त्यांनी विचारलं, "माझी लाज वाटली व्हय?"

खोटं बोलून मी एकदा तोंडघशी पडले होते. म्हणाले, "व्हय, तात्या."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मलाबी वाटली," म्हणाले. "मरताना न्हाई वाटली. पर त्या पंगतीत एका पानाबाहीर आमटी सांडली बग. आता ती जलमभर दिसनार."

अर्ज खिडकी बंद होता होता आत गेला.

वर्षभरानं माझा निकाल लागला, तेव्हा अख्खं टुकार मंडळ आमच्या वाडीवर आलं. आमच्या भिंतीवर सिनेमा लावायचा ठरला. प्रोजेक्टर त्या तीन पायांच्या टेबलावर ठेवला, आणि नेमकी एक वीट कोंबडीनं पाडल्यानं सिनेमाभर मयत उताराला लागलेलं दिसत होतं. तिरडी आली तशी आईनं डोळ्यांवर पदर घेतला, आणि पदराआडून विचारलं, "पोट हलतंय का?" सगळी वाडी म्हणाली, "हलतंय!" मग तिनं पदर काढला.

नंतर पंगत बसली. आमटी तात्यांनी वाढली, एक थेंब न सांडता. त्या पंगतीतच मंडळानं मतदान घेतलं, की या सिनेमात सगळ्यात वाईट अभिनय कुणाचा. नायकाला दोन मतं पडली, तात्यांना एकही नाही. 'मुळशी मोठी आहे' एवढ्या एका वाक्यावर, सिनेमात नसतानाही, मी प्रचंड बहुमतानं निवडून आले. केतकीनं तसं प्रमाणपत्र छापूनच आणलं होतं. ते आणि बी. कॉम.चं, दोन्ही तात्यांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी फ्रेम करून ठेवलीत. घरी कुणी आलं की आधी पहिलंच दाखवतात.

पण दुसरंही खरं आहे. घराण्यातली पहिली पदवीधर मीच.