हळदीच्या दिवशीचा टँकर

बोलणी खायचीच झाली तर घरच्या माणसाची खावीत, असं माझी सासू म्हणायची. घरचं माणूस बोलून झालं की निदान जेवायला तरी वाढतं. मला हे पटतं. लग्नानंतर दोन वर्षं मी तिची बोलणी खाल्ली आणि वर पोटभर भाकरीही खाल्ली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला आपण निवडून द्यायचं, ज्याच्या बंगल्याचं, गाडीचं, फोनचं आपण भरायचं, त्यानेच कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून यावं आणि आपल्याला आळशी म्हणावं, हा प्रकार मला आजवर पचलेला नाही. तो मी पहिल्यांदा जवळून पाहिला माझ्या नणंदेच्या हळदीच्या दिवशी.

नव्वदच्या आसपासचा उन्हाळा होता. माझं माहेर जळगावचं. वडील कचेरीत कारकून, घरात नळ, आणि नळाला रोज पाणी. लग्न होऊन नरडाण्याच्या पलीकडल्या एका गावात आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की इथे पाणी टँकरने येतं, तेही दर तिसऱ्या दिवशी. टँकर गावविहिरीत पाणी ओतायचा आणि मग सगळं गाव बादल्या-दोर घेऊन विहिरीवर तुटून पडायचं. माझ्या तळहाताला दोराचे फोड आले तेव्हा सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "जयगावनी पोर! लोनीना हात शेतस." रात्री त्यांनीच माझ्या त्या लोण्याच्या हातांना तेल लावलं.

नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं लग्न शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळामास्तराशी ठरलं. भटजींनी तीन मुहूर्त काढून दिले. त्यातला एक आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, टँकरचे दिवस बोटांवर मोजून निवडला. हळदीच्या दिवशी टँकर यायलाच हवा होता. नवरीची आंघोळ, रात्रीचं गावजेवण, दुसऱ्या दिवशी येणारं वऱ्हाड, सगळं त्या एका खेपेवर होतं. पत्रिकेवर गणपतीचं नाव छापलं होतं, पण आबांचा खरा भरवसा टँकरवर होता.

हळदीच्या तीन दिवस आधी ग्रामसेवक सायकल मारत आला. मंत्री येणार, दुष्काळ पाहायला येणार, आणि हेलिकॉप्टरने येणार! खोटं कशाला बोलू, आम्हाला आनंदच झाला. कितीतरी वर्षं गाव नळयोजनेसाठी अर्ज करत होतं. मोठा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघेल तर काहीतरी हलेल, असं वाटलं. शाळेचं मैदान झाडून झालं, चुन्याचं मोठं वर्तुळ काढून झालं. बाजूला मंडप पडला. आमच्या दारातल्या लग्नाच्या मंडपापेक्षा तो दुप्पट मोठा होता.

आबांना पेपर वाचायचा नाद. नरडाण्याहून तो एक दिवस शिळा होऊन यायचा. त्याच आठवड्यात त्यात बातमी होती, आमदार-मंत्र्यांचे पगार आणि भत्ते वाढल्याची. फारशी चर्चा झाली नाही, कोणी सभात्याग केला नाही, कागद फाडले नाहीत. सगळ्या पक्षांनी हात वर केले आणि झालं. आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ओट्यावरच्या मंडळींना म्हणाले, "कोन म्हनस या भांडतस? देखा, बठ्ठा एक शेतस." बठ्ठा, म्हणजे सगळे.

हळदीच्या दिवशी सकाळी आठलाच नणंदेला हळद लागली. सुवासिनींनी हात राखून लावली नव्हती. कपाळापासून तळपायापर्यंत पोरगी पिवळीधमक झाली होती. आमच्या घरची रीत अशी की हळद लागलेल्या नवरीने आंघोळ होईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. तिला माजघरात पाटावर बसवलं. घरात दोन हंडे पाणी होतं, ते पाहुण्यांच्या चहात आणि डाळीत गेलं. आमचे हे भांडी आणायला नरडाण्याला गेले होते. टँकर दहाला येतो, म्हणून सगळे निवांत होते.

दहाला हॉर्न वाजला. बायका दोर-बादल्या घेऊन पळाल्या, मीही पळाले. टँकर विहिरीपाशी थांबलाच नाही. तो तसाच पुढे गेला आणि शाळेकडे वळला. आम्ही मागे मागे गेलो, तर मैदानात दोन माणसं टँकरच्या तोटीला पाइप लावून जमीन भिजवत होती. नीट, कोपरे न सोडता, अंगणात सडा टाकावा तशी. काळ्या मातीचा फुफाटा तो, ओंजळभर पाणी टाकलं तर टाकलं होतं की नाही कळू नये. मी ग्रामसेवकाला विचारलं, हे काय चाललंय?

"वहिनी, हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडते. साहेबांच्या डोळ्यांत जायला नको."

आमच्या डोळ्यांत टाकायची धूळ ते दर पाच वर्षांनी सोबतच आणतात, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात आबा आले. आबांनी त्या पंचविशीतल्या ग्रामसेवकासमोर डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, घरमा नवरी हयद लाई बठेल शे." माझा सासरा गावात कोणापुढे टोपी काढणारा माणूस नव्हता. मला त्या क्षणी इतका संताप आला की रडूच फुटलं.

ग्रामसेवक वाईट नव्हता. त्यालाही घाम फुटला होता. तो म्हणाला, "आबा, अर्धा टँकर ठेवतो. सभा झाली की विहिरीत ओततो, शब्द देतो. फक्त बायकांना सभेला आणा. मंडप रिकामा दिसला तर माझी नोकरी जाईल."

म्हणून आम्ही सभेला गेलो. रिकामे हंडे मांडीशी घेऊन बसलो. पेपरात फोटो पाहणाऱ्याला वाटलं असेल, काय उत्साह आहे!

साहेब बारानंतर उतरले. धूळ उडाली नाही, हे मान्य करायला हवं. हारतुरे झाले. आमच्या सरपंचांनी नळयोजनेचा अर्ज दिला, तो साहेबांनी न बघता मागे उभ्या असलेल्या माणसाकडे दिला आणि त्या माणसाने तो न बघता आणखी मागे दिला. मग साहेब माइकसमोर आले. आधी थर्मासमधलं पाणी पेल्यात घेतलं, चूळ भरली आणि स्टेजच्या कडेला टाकली. पेल्यात उरलेलं पाणीही टाकलं. दीडशे बायकांच्या माना त्या पाण्याबरोबर खाली गेल्या.

"मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले, "की तुम्ही लोक बदलत नाही. सरकारने किती करायचं? रस्ता सरकारने द्यायचा, पाणी सरकारने द्यायचं, आणि तुम्ही ओट्यावर पाय पसरून टँकरची वाट बघायची. सगळं फुकट पाहिजे. माझ्या समोर बसलेल्या माता-भगिनींना मी विचारतो, पाण्याची किंमत आहे का तुम्हाला? अंगणात सडे टाकता, भांडी तीन-तीन वेळा विसळता. आणि दुष्काळ असला तरी लग्नं धूमधडाक्यात! काटकसर करायला शिका. आम्ही तिकडे जनतेसाठी रात्रंदिवस झिजतो."

झिजलेला माणूस मी पाहिलेला आहे. माझे वडील झिजले, आबा झिजले. झिजणाऱ्याची मान कॉलरमधून अशी बाहेर सांडत नाही. माझ्या शेजारी एक म्हातारी अक्का बसली होती, तिने तर आयुष्यात अंगणात पाण्याचा सडा टाकला नसेल, शेणही ती गायीच्या मुताने कालवायची. ती मला हळूच म्हणाली, "हाऊ कोनले बोली राह्यना?" तिला खरोखरच कळत नव्हतं. आपल्यालाच बोलतोय हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं, कारण तिने काही केलंच नव्हतं.

तासभर भाषण चाललं. टाळ्या पुढच्या तीन रांगांनी वाजवल्या. साहेब शाळेच्या खोलीत चहाला गेले आणि आम्ही हंडे उचलून विहिरीकडे निघालो. इतक्यात पाठीमागे पुन्हा पाण्याचा तो सकाळचा आवाज आला. पाइप सुरू झाला होता. उन्हाने मैदान परत कोरडं पडलं होतं. उतरताना धूळ नको, तशी उडतानाही नको. आमचा अर्धा टँकर चालला होता.

शाळेपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. मी पळत घरी गेले आणि माजघरात उभी राहून जे पाहिलं ते धापा टाकत सांगितलं. नणंद सकाळपासून पाटावर होती. हळद वाळून तिच्या अंगावर पापुद्रे धरले होते, घामाने मानेला आग होत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्या हातातला हंडा घेतला आणि उंबरठा ओलांडून बाहेर पडली.

सासूबाई किंचाळल्या. "हयदना आंगे कथा जाई राह्यनी? सोयरा काय म्हनतीन? लगीन मोडी!"

"मोडू दे," ती म्हणाली. तिने मागे पाहिलंही नाही.

ही आमची पोरगी, जी परक्या माणसासमोर चहाचा ट्रे घेऊन येताना थरथरत होती, ती अनवाणी मैदान ओलांडून गेली आणि टँकरच्या तोटीसमोर जाऊन उभी राहिली. नखशिखांत पिवळी, कपाळाला मुंडावळ्या, कडेवर हंडा. पाइप धरलेली दोन्ही माणसं मागे सरकली. एक पोलीस काठी घेऊन धावत आला आणि दोन हातांवर येऊन थबकला. हळदीच्या नवरीला परपुरुषाने हात लावायचा नसतो, हे त्याला कुठल्या परिपत्रकाने सांगावं लागलं नाही. तो काठी पाठीमागे लपवून म्हणाला, "ताई, सरा ना जराशा." ताई सरली नाही.

साहेब चहा पिऊन बाहेर आले होते. त्यांनी विचारलं, "हे काय नाटक आहे?"

नणंदेने त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "साहेब, सकायपाईन हयद लाई बठेल शे मी. धुयले पानी आन् मानसले भासन, हाई कोठली रीत?"

धुळीला पाणी आणि माणसाला भाषण, एवढी अहिराणी साहेबांना कळली की नाही, देव जाणे. ते सोबतच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "बघा. शिस्त म्हणून नाही या लोकांना." आणि घड्याळ बघत हेलिकॉप्टरकडे चालू लागले.

टँकरचा ड्रायव्हर इतका वेळ खाली बसून विडी ओढत होता. तो उठला, तोटीचा पाइप उपसून फेकला आणि नणंदेचा हंडा तोटीखाली धरला. मग आमची रांग लागली. एरवी विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या आम्ही बायका, त्या दिवशी एकीनेही धक्का दिला नाही.

हेलिकॉप्टर कोरड्या मैदानातून उडालं. असा फुफाटा मी पुन्हा पाहिला नाही. मंडपाचं कापड फाटलं, पुढच्या तीन रांगांतले पांढरे शर्ट मातकट झाले, टाळ्या वाजवणारे खोकत सुटले. साहेब मात्र काचेच्या आत होते, त्यांना काही झालं नाही. आम्ही पदराने हंडे झाकले तरी धूळ आत गेलीच. ते पाणी आम्ही दोनदा फडक्याने गाळलं. नणंदेच्या हळदीवर मातीचा थर बसून ती मेंढीच्या रंगाची झाली होती. सासूबाई तिला शिव्या देत देत न्हाऊ घालत होत्या आणि रडत होत्या.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. गोष्ट वऱ्हाडाला कळणार, हळदीची नवरी भर सभेत गेली म्हणून सोयरे बोट ठेवणार, याची त्यांना धास्ती. सकाळी वऱ्हाडाच्या बसबरोबर त्या दिवशीचा ताजा पेपरही आला. बातमी होती: पाणी जपून वापरण्याचे आवाहन, महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. मी तो पेपर नंतर चुलीत घातला.

दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगावं, म्हणून आबा वऱ्हाडाच्या बसपाशी गेले. नवरदेवाचे वडील खाली उतरत होते. आबांनी दोन दिवसांत दुसऱ्यांदा टोपी काढली आणि झालेलं सगळं सांगितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग आबांच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"टोपी घाला आबा," ते म्हणाले. "पुढला महिनामा तो मंत्री आमना गावले बी येनार शे. बरं व्हयनं, आमनी वहू त्याना आगोदर घर उनी."