तीनपैकी एक खोटी

माझ्या डोक्यात जेवढं ज्ञान आहे, त्यातलं एक तृतीयांश खोटं आहे. कुठलं, ते मला माहीत नाही.

यात दोष माझा नाही, सकाळच्या जनरल शिफ्टचा आहे. आमच्या भिलाईत सकाळी रेडिओवर झुमरू भैया आणि पिंकी दीदी नावाची एक जोडी बडबडते. रविवार सोडून रोज तीन अजब गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या आणि एक शुद्ध थाप. मग श्रोते फोन करतात, भांडतात, आईची शपथ घेऊन सांगतात की दुसरीच खोटी! मग एक गाणं, मग जाहिराती, मग आणखी एक गाणं आणि सगळ्यात शेवटी उत्तर. तोवर मी रिसालीच्या घरून निघून स्टील प्लांटच्या गेटवर हेल्मेट सावरत उभा असतो. म्हणजे प्रश्न रोज मिळतो, उत्तर एकदाही नाही!

म्हणून काय मी थांबतो? मुळीच नाही. तिन्ही गोष्टी कँटीनमध्ये सारख्याच आत्मविश्वासाने सांगतो. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, गिळलेलं च्युइंगम वर्षानुवर्षं पोटात राहतं. (यातली एक थाप आहे. मला विचारू नका.)

"तुमच्यापेक्षा रेडिओ बरा," मंदा म्हणते, "त्याले बंद तरी करता येते."

मंदा म्हणजे आमची सौभाग्यवती. आणि ज्या मे महिन्याची ही गोष्ट आहे, त्या महिन्यात तिला बंद करायची सोय कुठेच नव्हती, कारण मुलीचं, पल्लवीचं लग्न तोंडावर आलं होतं. साखरपुड्यात विहीणबाई (दुर्गच्या, रेल्वेतल्या घराण्यातल्या, नजर सिग्नलसारखी) सहज म्हणाल्या होत्या, "आजकाल रुखवतातल्या कुरडया बी लोक बाजारातून आणतात म्हणे."

"आमी नाई आणत," मंदा ताडकन म्हणाली. "आमच्या घरी गहू भिजवून, चीक काढूनच होतात."

"हो का? पाहू ना मंग!"

झालं! त्या "पाहू ना"पायी आमच्या घरात दोन पोती गहू आला. माझी मोठी बहीण बेबीताई उतईहून सोऱ्या घेऊन हजर झाली. दोघींनी गहू भिजवला, वाटला, गाळला, पहाटे उठून चीक शिजवला आणि गच्चीभर कुरडया घातल्या. सगळ्यांच्या मध्यभागी रुखवताची महाराणी! सुपाएवढी कुरडई, एक वेटोळं बिटाच्या रंगाचं, एक पालकाच्या, एक हळदीच्या. मंदाने तिच्यावरून चक्क मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मला बजावलं, "हे बिघडली आन् बाजारची कुरडई रुखवतात ठेवाची पाळी आली, तं मी मांडवात येत नाई. कन्यादान एकट्यानं करा."

कन्यादान एकट्याने करता येत नाही, एवढं माझ्या खऱ्या दोन तृतीयांशात नक्की होतं.

आता भिलाईच्या उन्हात कुरडई वाळायला वेळ लागत नाही. अडचण होती माकडांची. नाल्याकडच्या झाडांवर एक टोळी आहे, आणि गल्लीत कुणाच्या गच्चीवर काय वाळतंय हे त्यांना आमच्याआधी कळतं. त्या दिवशी मंदा, बेबीताई आणि पल्लवी साड्या घ्यायला दुर्गला निघाल्या. मला सुट्टी होती. घरात मी आणि माझे बाबा. बाबा प्लांटच्या कोळसा-भट्ट्यांतून, म्हणजे कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले, मिशी अजून ड्यूटीवर असलेली.

"गच्चीवर बसून राहा," मंदा म्हणाली. "काठी घेऊन. फक्त बसाचं हाय! हे तरी जमते ना?"

"अवो, लहान पोरगा समजून राहिली का मले?"

उत्तर बेबीताईने दिलं. "लहान पोरगा बसला असता."

त्या गेल्या आणि मी चहा घेऊन रेडिओपाशी बसलो. झुमरू भैया रंगात आला होता. पहिली बातमी, एका गावात बकरी सरपंचाची खुर्ची सोडायला तयार नाही. दुसरी, गोगलगाय महिनोन् महिने झोपू शकते. आणि तिसरी: "सुनो सुनो! बंदर को आईना दिखाओ तो वो अपनी ही सूरत से डरके भाग जाता है! एक किसान ने पूरे खेत में आईने टाँग दिए!"

मी ताडकन उठलो. गच्चीवर काठी घेऊन बसणं हे काय आधुनिक माणसाचं काम आहे? विज्ञान हाताशी असताना?

आता तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तर सुट्टी होती, उत्तर ऐकायला थांबायचं! तेच तर! आयुष्यात पहिल्यांदा उत्तर ऐकायची सोय होती आणि मी स्क्रूड्रायव्हर शोधत होतो.

ड्रेसिंग टेबलचा आरसा काढला. बेसिनवरचा काढला. कपाटाच्या दारावरचा निघेना, म्हणून दारच काढलं. पल्लवीच्या जुन्या पर्समधला इवलासा आरसा घेतला, स्कूटरचे दोन्ही आरसे घेतले, आणि शेवटी न्हाणीघरातून बाबांचा दाढीचा आरसा उचलला. बाबा तोंडाला साबण फासून ब्रश धुवायला वळले होते, ते परत वळले तर समोर नुसती भिंत.

"आरसा कुठं गेला बे?"

"कामावर गेला, बाबा!"

"मंग माही दाढी?"

"अंदाजानं करा! रोजचंच तं तोंड हाय!"

गच्चीवर कुरडयांभोवती सगळे आरसे मांडले आणि मी मागे सरकून पाहिलं. काय सांगू, शीशमहाल! तेवढ्यात ऊन वर आलं आणि शीशमहालाने पहिला प्रसाद दिला तो समोरच्या साहू चाचीला. ती तिच्या गच्चीत मिरच्या पसरवत होती.

"का करत हस ग भैया?" डोळ्यांवर पदर धरून ती छत्तीसगढीत ओरडली. "मोर आँखी फूट जाही!"

"चाची, बंदर भगाने का मशीन है!"

"बंदर भागही के नइ भागही, मैं तो भागत हँव!" आणि ती खरंच आत पळाली. मला हे यशाचं पहिलं चिन्ह वाटलं.

मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. थोड्याच वेळात कठड्यावर टोळीचा म्होरक्या आला. धिप्पाड, लाल तोंडाचा. उतरला, दोन पावलं चालला आणि ड्रेसिंग टेबलच्या आरशासमोर थबकला. त्याने दात विचकले. आरशातल्यानेही विचकले. तो एक पाऊल मागे सरला...

"भाग आता!" मी मनात म्हणालो.

तो आरशाच्या मागे गेला. कुणी नाही हे पाहून परत पुढे आला. मग त्याने बूड टेकलं. मान तिरपी करून डावा गाल पाहिला, उजवा पाहिला. भुवया वर केल्या. बोटाने दात घासून पाहिले. माणसाला पहिल्यांदाच आपण देखणे असल्याचा शोध लागावा, तसा चेहरा! मग शेजारची एक कुरडई उचलून तोंडात टाकली आणि मान मागे टाकून त्याने अख्ख्या टोळीला हाक मारली.

आले! सगळे आले! बायका, पोरं, पोटाला बिलगलेली पिल्लं! पूर्वी यायचे, दोन मुठी उचलायचे, पळायचे. आता ऐसपैस बसले. एक मादी कपाटाच्या दारासमोर, एक पोर बेसिनच्या आरशाला चाटतंय, पर्समधल्या आरशावरून दोघांची मारामारी. आणि समोर अर्धी ओली, मऊ, खारी कुरडई! माझ्या गच्चीवर सलून आणि नाश्ता एकाच जागी सुरू झाला होता. मी काठी घ्यायला गेलो. काठी कुठे होती? खाली. रेडिओपाशी.

"हाड्! हाड्!" मी टाकीमागून ओरडलो. म्होरक्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. वळण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

इतक्यात जिन्यावर धडधड झाली आणि बाबा वर आले. साबण वाळून चेहरा पांढराफटक. डावीकडची मिशी जागेवर, उजवीकडची साफ गायब. (अंदाज चुकला होता.) हातात उघडा वस्तरा, आणि पुऱ्या कोक ओव्हनला ऐकू जाईल असा आवाज:

"अबे येड्या, ते रेडिओवाली पोरगी सांगून राहिली ना! माकडाची बातमीच खोटी होती!"

सगळ्या माकडांनी एकदम माना वळवल्या. त्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं. आणि मग जे काही घडलं ते मी शपथेवर सांगतो: किंचाळत, एकमेकांना तुडवत, पोरं उचलून अख्खी टोळी पळत सुटली! त्यांना आरशातल्या तोंडाची नाही, आमच्या बाबांच्या तोंडाची भीती वाटली होती.

पण म्होरक्या जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. त्याने महाराणी उचलली होती. साहू चाचीच्या शेवग्यावर चढून त्याने ती गळ्यात अडकवली आणि फांदीवर ऐटीत बसला.

आणि नेमकी तेव्हाच खाली रिक्षा थांबली. मंदा उतरली. बेबीताई उतरली. पल्लवी उतरली. आणि मग, सावकाश, पदर सावरत, विहीणबाई उतरल्या. साडीच्या दुकानात गाठ पडली होती म्हणे. मंदाने अभिमानाने आग्रह करून आणलं होतं, "चला, कुरडया पाहूनच जा!"

विहीणबाई गच्चीवर आल्या. त्यांनी तुकडे पाहिले. कपाटाचं दार पाहिलं. अर्धी मिशी पाहून डोक्यावर पदर घेतला. मग शेवग्यावर पाहिलं. म्होरक्या बीट, पालक आणि हळद गळ्यात घालून नवरदेवासारखा बसला होता.

"बाबा," पल्लवी मला हळूच म्हणाली, "ये क्या कर दिया यार!"

मंदा खाली बसली आणि एकेक तुकडा पदरात गोळा करू लागली. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि माझ्या तोंडातलं विज्ञान एकदम आटलं. सगळी हकिगत मीच सांगितली, रेडिओपासून वस्तऱ्यापर्यंत, काही न लपवता.

विहीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतायत, सोयरीक मोडली! पण त्या हसत होत्या. हसता हसता कठड्याला टेकल्या, मंदाशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या पदरातला एक तुकडा तोंडात टाकला.

"चीक घरचाच हाय," त्या म्हणाल्या. "मीठ बी बरोबर. मंदाताई, उठा. पुन्हा गहू भिजवा, मी येतो हात लावाले. फक्त इवाईले (आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात) गच्चीवर पाठवू नका. बाबाजीले बसवा."

त्या खरोखर आल्या. नवी महाराणी दोघींनी मिळून घातली, आणि राखणीला बाबा. उरलेली मिशी त्यांनी मंदाच्या विनंतीवरून तशीच ठेवली होती. एकही माकड फिरकलं नाही.

पण विहीणबाईंच्या पोटात हे राहीना, त्यांनी थेट रेडिओला कळवलं. पुढच्या आठवड्यात झुमरू भैयाने तिसरी बातमी सांगितली: "रिसाली में एक आदमी ने घर के सारे आईने छत पे लगाके बंदरों को पार्टी दे दी!" मग फोन सुरू झाले. पहिला म्हणाला खोटी. दुसरा म्हणाला खोटी. तिसरा म्हणाला, "दीदी, इतना बेवकूफ आदमी छत्तीसगढ़ में हो ही नहीं सकता!" मी लग्नाच्या रजेवर घरात बसून, माझ्याच बाजूने बोलणारा हा अनोळखी माणूस कोण, असा गहिवरून विचार करत होतो.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. "मैं दुर्ग से बोल रही हूँ. खबर सच्ची है. वो हमारे समधी हैं."

"अरे बाप रे!" पिंकी दीदी किंचाळली. "तो आंटी, शादी टूट गई?"

"काहे को टूटेगी? लड़की माँ पे गई है."

मंदा उठली आणि तिने रेडिओचा आवाज वाढवला.